मावशीनं पंप बाथरूममध्ये जाऊन घेतला

आज साखरपुड्याहून आले ते डोकं तापूनच आले. कार्यक्रम छान झाला, जेवणात मांडे होते, पोरगी गोड दिसत होती, कशाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तरी साडी न बदलता हे लिहायला बसलेय कारण लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

कार्यालय वरच्या मजल्यावर. जिना चढून आल्यावर माझ्या मावशीला दम लागला. लागणारच, तिला सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसातल्या नळ्या अरुंद होण्याचा कायमचा रोग. ती खुर्चीवर बसली, पिशवीतून पंप काढला, म्हणजे तोंडानं औषध ओढायचा इनहेलर, आणि शेजारी बसलेल्या आमच्याच नात्यातल्या एका बाईनं तिचा हात हळूच खाली दाबला. "अगं, चारचौघांत ते तोंडाला काय लावतीस, व्याही बघूलाल्यात."

आणि मावशी उठली. दम लागलेला असताना उठली, भिंत धरत धरत बाथरूमपर्यंत गेली, आतून कडी लावली आणि तिथं पंप घेतला. का तर तिच्या नातीचं अजून जमवायचंय. घराण्यात दमा आहे असं कुणी म्हणायला नको.

त्याच हॉलमध्ये जेवणाआधी चार जणांनी साखरेच्या गोळ्या उघड काढून घेतल्या. बीपीच्या गोळ्यांच्या तर गप्पा चालू होत्या, तुझी किती पॉवरची, माझी किती पॉवरची. त्यात कुणाला लाज नाही. मग श्वासाच्या औषधालाच कसली लाज ओ? हा रोग लागट नाही, पंगतीत शेजारी बसून होत नाही. हां, अगदी क्वचित काही घरांत रक्तातून येणारा प्रकार असतो, मान्य. पण मावशीचा रोग रक्तातनं आलेला नाही, तो चुलीतनं आलाय.

जांबोटीच्या पुढं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं घर. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. लाकडं ओली, स्वयंपाकघराला एक हातभर खिडकी, ती पण पावसाचं झोडपणं आत येतं म्हणून बंद. लहानपणी आईजवळ बसून, मग लग्न करून आल्यावर सासूच्या हाताखाली, मग स्वतःच्या संसारात, ती बाई आयुष्यभर त्या धुरात बसली. सकाळी अंघोळीचं पाणी, मग भाकऱ्या, मग जनावरांची आंबोण शिजवणं, परत संध्याकाळी तेच. बिडी नाही, तंबाखू नाही, मिश्री पण नाही. बेळगावला डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, "मी कधी बिडी हातात धरली न्हाई, मला कशाला फुफ्फुसाचा रोग हुईल?" डॉक्टरांनी तिला फक्त एकच विचारलं, चुलीपुढं किती वर्षं?

आपल्याकडं अजून सगळ्यांना वाटतं हा बिडी-सिगरेटवाल्यांचा रोग. श्रीमंत देशांत बहुतेक तसंच आहे. आपल्यासारख्या ठिकाणी घरातला धूर, धूळ, कामाच्या जागेची हवा यांचा वाटा फार मोठा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत जन्म घालवलेली माणसं बघा, रिटायर झाली की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालताना दोनदा थांबतात. तिथल्याच वडगाव-शहापुरात विणकरांच्या मागाच्या खोल्यांत वाढलेल्यांना विचारा. आणि निपाणी! निपाणीच्या तंबाखूवर आपला अर्धा भाग जगला, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आमच्या घरात अजून अभिमानानं सांगतात, त्यामुळं बिडी बंद करा म्हणणं मला सोपं नाही, बिडी वळून पोरं शिकवलेल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. पण जो ओढतोय त्यानं सोडावी. एकदा हा रोग झाला की गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण बिडी सोडली की पुढची घसरण हळू होते, आणि ते कुठल्याही वयात खरं आहे. "आता या वयात सोडून काय उपयोग" हे वाक्य मला ऐकवू नका.

तर मावशी. तिचा दम कितीतरी वर्षं "वय झालं" या नावाखाली गेला. मग कुणीतरी "दमा" म्हटलं. मग सुई सुरू झाली. दम लागला की जवळच्या दवाखान्यात जायचं, सुई घ्यायची, दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. त्या सुईत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. श्वासाचा अटॅक आल्यावर थोड्या दिवसांसाठी डॉक्टर स्टिरॉइड देतात ते वेगळं, त्यानं जीव वाचतो. पण महिनोन् महिने असंच घेत राहिलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि इतक्या वर्षांत एकानंही तिला मशीनमध्ये फुंकायला लावलं नाही. स्पायरोमेट्री म्हणतात त्याला. छाती भरून श्वास घ्यायचा, जोरात आणि संपेपर्यंत सोडायचा. पंप दिल्यावर परत एकदा फुंकायचं. एकूण सोडलेल्या हवेतली ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडत असेल, आणि पंपानंतरही ते सुधारत नसेल, तर नळ्या आवळलेल्या आहेत हे कळतं. त्यात सुई नाही, रक्त काढायचं नाही. चाळिशीच्या पुढच्या, जिना चढताना दम लागणाऱ्या, सकाळी उठून खाकरत बसणाऱ्या प्रत्येकाची ही टेस्ट व्हायला पाहिजे, बिडी ओढो न ओढो.

आता ती रात्र सांगते, कारण आज त्या बाईनं मावशीचा हात दाबला तेव्हा मला तीच रात्र दिसली.

मागच्या आषाढात मी मावशीकडं राहायला होते. पाऊस असा की अंगणातलं काही दिसत नव्हतं. रात्री तिला अटॅक आला. खाटेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढं वाकलेली, मानेच्या शिरा ताठ, एक वाक्य पुरं होत नव्हतं, नुसतं "पं... पं..." ओठ निळसर दिसायला लागलेले. लाईट नव्हती, म्हणजे घरात नेब्युलायझर, औषधाचा बारीक फवारा करून देणारं विजेचं यंत्र, होता तो नुसता ठोकळा. पंप पाहिजे होता. आणि पंप सापडेना. संध्याकाळी सुनेच्या माहेरची माणसं आली होती म्हणून मावशीनं तो कोनाड्यातनं उचलून कुठंतरी लपवला होता आणि आता तिला सांगता येत नव्हतं कुठं. मोबाईलच्या उजेडात आम्ही डबे उघडतोय, पितळी डबे, पत्र्याचे डबे, पोहे, कुळीथ, आणि मागं तिच्या छातीची शिट्टी ऐकू येतेय. शेवटी तांदळाच्या डब्यामागं सापडला. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं तसं स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून एकेक दाब दिला, थोडी सावरली, मग जीपमध्ये घालून आधी खानापूर आणि तिथनं बेळगाव.

म्हणून मला राग येतो. लपवलेला पंप म्हणजे काय असतं ते मी बघितलंय.

आणि ते "पंपाची सवय लागते"! कुणी सुरू केलं हे? मला आज जेवताना परत दोघांनी सांगितलं, पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा लागला की सुटत नाही, गोळ्या बऱ्या. अहो, दम लागल्यावर घ्यायच्या पंपात साल्ब्युटामॉल असतं, त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते आणि पंपाच्या एका दाबात असतं १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांएवढं औषध. गोळी पोटातनं सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि फुफ्फुसात जायचं ते थोडंच जातं. पंपाचं औषध थेट जिथं पाहिजे तिथं. रोग जन्माचा आहे म्हणून औषध जन्माचं आहे, यात सवयीचा काय संबंध?

हां, पंप महाग पडतात. मान्य. विशेषतः रोजचे, चोवीस तास काम करणारे. पण सुया आणि अ‍ॅडमिट होण्याचा हिशोब पण करा की कधीतरी.

दोन प्रकारचे असतात हे पण लोकांना माहीत नसतं. एक दम लागल्यावर घ्यायचा, काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करणारा. दुसरा रोजचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. मावशी रोजचा सोडून द्यायची, "आज बरं हाय मग कशाला" म्हणून. आणि घ्यायची पद्धत कुणीच दाखवलेली नव्हती. दाबायची आणि मग ओढायची, सगळं औषध जिभेवर. पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, सावकाश ओढायला लागलं की दाबायचा, आणि मग दहा सेकंद श्वास धरायचा. स्पेसर लावला की हात आणि श्वास जुळवायची कटकट कमी. कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र असेल तर उलटं, तिथं सावकाश नाही, जोरात ओढायचं. मावशीच्या गावातल्या एका आजोबांनी तर ती कॅप्सूल बरेच दिवस पाण्याबरोबर गिळली. ते चुकले म्हणू नका, कॅप्सूल दिली तर माणूस गिळणारच, देणाऱ्यानं दाखवायला पाहिजे होतं. स्टिरॉइडवाला पंप असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं बुरशीसारखं येतं.

परत त्या रात्रीवर येते. बेळगावला पोचल्यावर तिला ऑक्सिजन लावला आणि बोटाच्या मशीनवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० दिसत होता. माझा मावसभाऊ डॉक्टरवर ओरडायला लागला, ९० वर काय ठेवलंय, वाढवा, ९८ करा. त्याचा काय दोष, कोविडनं आपल्या सगळ्यांनाच आकड्यांची भीती शिकवली. त्या पोरीनं, डॉक्टर होती ती तिशीची पण नसेल, इतक्या शांतपणे समजावलं. या पेशंटना ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं, जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. घरी ऑक्सिजन असला तरी आपल्या मनानं काटा वाढवायचा नाही. आणि हा रोग म्हणजे काय ते पण मला त्या रात्री तिच्याकडनं कळलं. आपल्याला वाटतं पेशंटला श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडायची असते. नळ्या अरुंद झालेल्या, आतल्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटलेल्या, जुनी हवा आतच अडकून बसते, मग नवीनला जागाच राहत नाही.

म्हणून मग फिजिओवाल्यांनी शिकवलं, नाकानं घ्या आणि ओठ गोल करून हळूहळू सोडा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. मावशीला जमेना. मी म्हटलं, फुंकणीत फुंकतीस तसं, पण निखारा उडू न देता. लगेच जमलं. आता जिना चढताना तसंच करते. रोज अंगणात चालते पण. आधी घरातले तिला उठू देत नव्हते, बस, बस, दम लागेल. मायेनंच म्हणायचे. पण बसून बसून पायातली ताकद गेली की थोड्या चालण्यानं पण दम लागतो. चालायला पाहिजे, थांबत थांबत. आणि दरवर्षी फ्लूची लस. न्यूमोनियाची पण घ्यायची, ती दरवर्षी नाही, डॉक्टरांना विचारून. कफाचा रंग बदलला, वाढला, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर त्याच दिवशी दाखवायचं, बाजार झाल्यावर नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ती बाई वाईट नाही ओ. मावशी अ‍ॅडमिट होती तेव्हा रोजचा डबा तिच्याच घरनं यायचा. तिच्या सासूला पण असाच दम होता, कोपऱ्यातल्या खोलीत, नाव कधी कळलंच नाही कसला ते, तशाच गेल्या. तिला पण कुणीतरी शिकवलंय लपवायला. पण मग आता तरी थांबवूया की आपण. नातीसाठी बघायला येणाऱ्यांना मी स्वतः सांगणार आहे, आजीला सीओपीडी आहे, चुलीच्या धुरानं झालाय, रोज पंप घेते. त्यावरनं जो मुलगा नाही म्हणेल त्याच्या घरी आमची पोरगी जायची गरज नाही.

चूल अजून पेटते त्या घरात, हे पण सांगते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅस आला, मोठी गोष्ट झाली, ते नाकारत नाही. पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर. जंगलातली लाकडं फुकट, सिलिंडर फुकट नाही. निदान आता चूल बाहेर पडवीत नेलीय आणि मावशीला तिच्याजवळ फिरकू देत नाहीत.

ते कॅप्सूल गिळणारे आजोबा, त्यांना आता डॉक्टरांनी घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन सांगितलाय. कायम ऑक्सिजन सगळ्यांना लागत नाही, ज्यांचा बसल्या जागी पण कमी राहतो त्यांनाच देतात, आणि त्यांच्यात तो आयुष्य वाढवतो. मशीन घ्यायची त्यांच्या घरची परिस्थिती नाही. कोविडमध्ये आपल्या बेळगावात कितीतरी जणांनी, मंडळांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतनं ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीनं, घेतले होते. ते आता माळ्यावर असतील. कुणाकडं मिनिटाला ५ लिटर देणारा असेल, चालू असो नसो, तर इनबॉक्सला सांगा. सर्व्हिसिंग आणि फिल्टरचा खर्च मी करते. त्यांच्या घरात ऑक्सिजनच्या खोलीपासून चूल लांब आहे का, लाईट गेल्यावर सिलिंडरची सोय काय, हे मी रविवारी जाऊन बघणार आहे, त्याच्या आधी मशीन मिळालं तर गाडीतनं बरोबरच नेता येईल.