चलत होती मां?

काल मी एका माणसाला चौदाशे रुपये दिले. त्याने बिघडवलेली माझी गाडी त्यानेच दुरुस्त केली, त्याचे. वर "तुमच्याकडून कमीच घेतले" असंही ऐकवलं, आणि माझ्या तोंडून सवयीने "थँक्यू" निघून गेलं. चौदाशे एक वेळ विसरेन, ते थँक्यू विसरणार नाही.

प्रकरण टायमिंग बेल्टचं. डिझेल गाडी, सेकंडहँड घेतलेली, तक्रार काही नव्हती. पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी वाचतो. अख्ख्या मालवणात ते वाचणारा बहुधा मी एकटाच. बाकीचे ते पीयूसीच्या कागदाखाली ठेवतात आणि सुखाने जगतात. पुस्तक म्हणतं, हा पट्टा ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदला. रबर आहे, गाडी नुसती उभी असली तरी म्हातारं होतं. खाली क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, दोन फेरे झाले की वर कॅमशाफ्टचा, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या दांड्याचा, एक व्हायला हवा, हा हिशोब सांभाळायचं काम या पट्ट्याचं. चालत्या गाडीत तो तुटला की वाल्व उघडे राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आपटतात. मग वाल्व वाकतात, इंजिनाचं हेड उतरवावं लागतं आणि त्याबरोबर मालकाचा चेहराही उतरतो. म्हणून मी वेळेत, शहाण्यासारखा, बेल्ट बदलून घेतला. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळवणारा आयडलर, वॉटर पंप, सगळं नवं. गॅरेज कुडाळकडचं. नाव सांगत नाही, कारण पुन्हा त्याच्याकडेच जावं लागणार आहे.

गाडी परत आली ती हुडहुडी भरून. उभ्या उभ्या थरथरते, चढावर दम नाही, मागून धूर आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा. फोन केला तर गॅरेजवाला म्हणाला, "नवीन बेल्ट आहे साहेब, सेट व्हायला जरा वेळ लागतो. चालवा."

नवी चप्पल सेट होते. जावईसुद्धा होतो कधी कधी. दातांचा पट्टा कसा होईल? तो बरोबर बसतो किंवा चुकीचा बसतो. पण एवढं बोलेपर्यंत फोन ठेवलेला होता.

ओरोसला कचेरीत काम होतं. कुंभारमाठचा चढ गाडीने कण्हत कसाबसा काढला आणि चौक्याच्या पुढे एका वळणावर मान टाकली. मी बॉनेट उघडून आत बघत राहिलो. बंद गाडीचं बॉनेट उघडून बघायचंच असतं, दिसत काही नाही. बॉनेटच्या आडून बाजूला झालो तर माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर, एक म्हातारा बसलेला. खांद्यावर टॉवेल, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोयत्याची मूठ बाहेर. आणि सीटबेल्ट लावलेला.

"काका, गाडी बंद पडलीय."

"पडांदे. माका घाय नाय. कट्ट्याक सोड."

"अहो, चालतच नाहीये ती."

"चलात, चलात. काय केलंस तू तिका?"

"टायमिंग बेल्ट बदलला."

"तुटललो?"

"नाही."

"मगे आवाज करी होतो?"

"नाही हो."

"म्हणजे गाडी चलत होती."

"हो."

"चलत होती मां?"

"चालत होती म्हटलं ना!"

"मगे बदललंस कित्याक?"

गाडीच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नाही, मी नंतर पुन्हा पाहिलं. तरी मी समजावायला गेलो. उन्हात उभं राहून, माझ्याच गाडीत सावलीला बसलेल्या माणसाला सांगू लागलो की पट्ट्याला दात असतात, चाकालाही असतात. खालच्या चाकाला समजा वीस दात आहेत, तर पट्टा एक दात जरी मागेपुढे बसला तरी ३६० भागिले २०, म्हणजे १८ अंशांचा घोळ होतो. वाल्व भलत्याच वेळी उघडतात आणि इंजिन...

"थांब." त्याने आ केला. "ह्या बघ."

मी वाकून बघितलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं.

"एकव दात नाय. मिया बंद पडलंय? काल मटान खाल्लंय."

"काका, ते वेगळं."

"आणि अठरा अंश म्हणजे काय ता सांगू नको. एका वर्सा आमच्या गणपतीचो पाट ह्येच्यापेक्षा तिरको बसललो. विसर्जनापर्यंत काय्येक झाला नाय."

यावर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कुठल्याही प्राध्यापकाने बोलून दाखवावं.

टोचनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हायवेवर अडकलोय, येतो." हा मुंबई–गोवा महामार्ग म्हणजे एक निराळंच दुखणं. त्याचा नंबर १७ चा ६६ झाला तो एका अधिसूचनेत, २०१० साली, फटकन. चौपदरी करायला मात्र पनवेल–इंदापूरकडे २०११ साली हात घातला आणि तिथला घोळ निस्तरता निस्तरता शाळेत जाणारी पोरं लग्नाची झाली. १९९९ पासून कोकण रेल्वे कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून नेते. पूर्वी रेल्वे फाटकावर ते दृश्य बघून मला गंमत वाटायची. ट्रकने रेल्वेने जायचं! आता त्या ट्रकवाल्यांचा हेवा वाटतो.

म्हाताऱ्याचं इकडे पुढचं काम सुरू झालं होतं. कोकणात माणूस मरायला टेकला तरी आधी तो कोणाचा कोण ते ठरावं लागतं, पाणी नंतर. गाव सांगितलं, वाडी सांगितली, घराची खूण सांगितली. आजोबांचं नाव निघालं तसा तो सीटबेल्टसकट माझ्याकडे वळला.

"म्हणजे तू बैलवाल्याचो नातू!"

आमच्या घरात आजोबांना कोणी बैलवाला म्हटल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे ते देवमाणूस. ओटीवर फोटो आहे, फोटोला हार आहे.

"तुज्या आज्यान माज्या बापाशीक बैल इकललो. पांढरो. घराकडे इलो, बसलो, तो उठलोच नाय."

"आजारी असेल."

"आजारी कसलो? इकत घेतलो तेवा चलत होतो. बापूस परत गेलो इचारूक, तर तुजो आजो काय म्हणता? 'माज्या दारातसून न्हेलंस तेवा चलत होतो. नवो गोठो हा, रुळाक येळ लागतलो.'"

मी बॉनेटला टेकलो. हे वाक्य मी त्याच आठवड्यात फोनवर ऐकलेलं होतं, फक्त गोठ्याऐवजी बेल्ट होता. कुडाळचा गॅरेजवाला आमच्या भावकीतला निघतो की काय, अशी मला धास्ती पडली.

"पैशे दिलान नाय," म्हातारा म्हणाला आणि समोर रस्त्याकडे बघत बसला, जणू मी आता पाकीट काढणार.

टोचन आलं ते पिकअपच्या मागे दोरखंड बांधून. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकवर दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर मी जिवाच्या आकांताने चाक ओढत होतो आणि शेजारी म्हातारा काच खाली करून वारा खात होता, ओळखीच्यांना हात करत होता. कट्टा गाव आलं. उतरला, पिशवी घेतली, दार आपटलं आणि वाकून म्हणाला,

"बघ. चलता मां?"

कसालच्या पुढे आयटीआय झालेल्या एका पोराने गाडीला स्कॅनर लावला. कोड आला पी ००१६. क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही, असा त्याचा अर्थ. पोरगा म्हणाला, "काका, बेल्ट एक दात हुकलाय बहुतेक. ज्याने घातला त्याच्याकडेच न्या." भला मुलगा, पैसे घेतले नाहीत.

ज्याने घातला त्याने माझ्यासमोर कव्हर उघडलं, आत बघितलं आणि पटकन पंजा आडवा धरला. मला तरीही दिसलं, कॅमची खूण जागेवर नव्हती. "गरमीने सरकला असेल," तो म्हणाला. मी गप्प. "आपल्याकडची हवा दमट ना." मी तरीही गप्प. "तुम्ही घाटात जोरात मारली असेल."

आता खरं सांगतो, हसू येत नाही. बेल्ट चढवल्यावर पान्याने क्रँक हाताने पुरते दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं, एवढंच काम असतं. चहा गार व्हायच्या आत होणारं. त्यासाठी स्कॅनर लागत नाही, डिग्री लागत नाही. या माणसाला ते येत नाही असंही नाही, बापाच्या वेळचं गॅरेज आहे. त्याने केलं नाही कारण संध्याकाळ झाली होती आणि गिऱ्हाईक कुठे बघणार आहे! माझं नशीब की एकच दात हुकला. आणखी दोनतीन हुकले असते तर जे टाळायला हजारो रुपये मोजले, तेच वाल्व माझ्याच खर्चाने वाकले असते आणि तेही म्हणे हवेनेच झालं असतं. बिलावर "चुकून एक दात हुकला होता" असं लिहून द्या म्हटलं, तर त्याने लिहिलं 'जनरल चेकिंग व टायमिंग सेटिंग'. हुज्जत घातली असती, पण चावी त्याच्या खिशात होती.

गाडी आता सुरेख चालते. फक्त कव्हरचा एक बोल्ट त्याच्याकडेच राहिला असावा, त्यामुळे आतून काहीतरी कटकट वाजत असतं.

आज सकाळी चौक्याला हात दाखवून म्हाताऱ्याने गाडी थांबवली. विचारलं वगैरे नाही, पुढचं दार उघडलं, बसला, बेल्ट लावला. "बैलाच्या हप्त्यात धर," म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर त्याने कान टवकारले.

"ह्या काय वाजता?"

"कव्हरचा बोल्ट नाही एक. नेतो उद्या गॅरेजला."

त्याने माझा हात गिअरवरच घट्ट धरला.

"गप ऱ्हव. चलता हा मां?"