‘इंदूर उंचावर आहे, जेट लहान टाका’: हा हिशेब अर्धाच आहे

जुन्या मोटारसायकलींसाठी एक नुस्खा सध्या मोबाइलवर फिरतोय: ‘कार्बोरेटर खोलू नका. टाकीत 100 मिली थिनर ओता. इंदूर उंचावर आहे, म्हणून मेन जेट एक नंबर लहान टाका. एअर स्क्रू पूर्ण आवळून डेढ चक्कर मागे घ्या. प्लग पांढरा झाला की लिटरमागे दहा किलोमीटर वाढले समजा.’ (कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. जेट म्हणजे त्यातला ठरावीक भोकाचा पितळी तुकडा, ज्यातून पेट्रोल येतं.)

यातला उंचीचा मुद्दा सगळ्यात शहाणा वाटतो, म्हणून आधी तोच. इंदूर साधारण 550 मीटरवर आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के विरळ असते, हे खरंच. पण कार्बोरेटर हवेच्या ओढीनेच पेट्रोल उचलतो. हवा विरळ झाली की ओढही घटते, त्यामुळे मिश्रण रिच होतं (म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडतं) ते जेमतेम अडीच टक्क्यांनी. आता दुसरी बाजू बघा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणजे पंपावरच्या ई-20 ला, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, तेवढ्याच हवेसाठी मापाने सात-आठ टक्के जास्त इंधन हवं. जुनं जेट ते देत नाही. उंचीने अडीच दिले, इथेनॉलने सात-आठ नेले. गाडी आधीच लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते आहे. त्यात 95 चं जेट काढून 92.5 चं टाकलं, तर व्यासावर नंबर असलेल्या जेटमधून आणखी पाच टक्के पेट्रोल कमी झालं. शिवाय महूवरून जाम घाट उतरून मंडलेश्वरला गेलात की उंचीचा तो फायदाही बराचसा संपतो.

आणि मिळतं काय? मेन जेटचं राज्य थ्रॉटल पाऊण उघडल्यावर सुरू होतं. शहरात राजवाडा ते पलासिया जाताना ते कामातच येत नाही. येतं ते बायपासवर, पूर्ण थ्रॉटलला, आणि तिथे लीन मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन. आरएक्स 100 सारखी टू-स्ट्रोक गाडी अशाने सीज होते, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. मग सिलिंडरच्या बोअरिंगच्या खर्चात वर्षभराचं पेट्रोल आलं असतं. शहरातलं मायलेज स्लो जेट (कमी थ्रॉटलचं छोटं जेट), स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या) आणि तिला लटकणाऱ्या निमुळत्या नीडलच्या क्लिपवर ठरतं. क्लिप एक खाच वर म्हणजे नीडल खाली, म्हणजे लीन. छेडायचंच असेल तर मेन जेटपेक्षा हे बरं.

थिनरचं म्हणाल तर, स्लो जेटचं भोक 0.4 मिलिमीटरच्या आसपास असतं. ते डिंकासारख्या थराने बुजलं की त्यातून काही वाहतच नाही. एक-दोन टक्के थिनर मिसळलेलं पेट्रोल बाहेर नुसतं उभं राहणार. उलट टाकीच्या तळाचा गाळ सुटून खाली येतो आणि ओ-रिंग फुगतात. जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का पाहा. क्लच केबलची तार घालू नका. 0.40 चं 0.42 झालं तरी क्षेत्रफळ दहा टक्के वाढतं. सीव्ही कार्बोरेटरच्या (ज्यात स्लाइड व्हॅक्यूमने उचलली जाते) डायफ्रामवर, म्हणजे रबरी पडद्यावर, कार्ब क्लीनरचा स्प्रे उडवायचा नाही, रबर फुगून घडी पडते.

‘डेढ चक्कर’ सगळ्या गाड्यांना एकच कसा असेल? स्क्रू एअर फिल्टरकडे असेल तर तो हवेचा: आवळला की रिच. इंजिनकडे असेल तर मिश्रणाचा: आवळला की लीन. आधी हे ओळखा. मग इंजिन दहा मिनिटं गरम करून, पाव-पाव फेरा फिरवत आयडलिंग सर्वांत वर जातं ती जागा शोधा, आयडल स्क्रूने वेग खाली आणा आणि पुन्हा एकदा शोधा. एअर स्क्रूची ही जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत आली तर स्लो जेट लहान किंवा बुजलेलं. तीन फेऱ्यांपलीकडे गेली तर मोठं. जागा सापडतच नसेल तर मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या नळीच्या) जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की तिथून हवा खातेय. नट जास्त आवळून फ्लँज वाकलेली असते, बहुधा हेच कारण.

प्लग पांढरा होणं ही शाबासकी नाही, लीन आणि गरम असल्याची खूण आहे. आयडलिंगवर घरापर्यंत आणलेला प्लग तर काहीच सांगत नाही.

नुस्ख्यात ज्याचा उल्लेखही नाही ते म्हणजे फ्लोटची पातळी. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतला तरंगता भाग; पेट्रोल भरलं की तो वर येऊन सुईने वाट बंद करतो. कार्बोरेटर तिरपा धरा, फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगदार पिनेला नुसती टेकू द्या, पिन दाबू नका, आणि गॅस्केट काढलेल्या कडेपासून उंची मोजून गाडीच्या मॅन्युअलशी ताडा. सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच पडली असेल तर सुई बदलायची. नाहीतर पातळी वर राहते, सगळीच सर्किट रिच होतात आणि मायलेज तिथेच गळतं. कार्बोरेटर दुरुस्तीचं किट आणलंत तर त्यातली गॅस्केट, ओ-रिंग आणि सुई वापरा. मूळ पितळी जेट धड असतील तर तीच परत बसवा. स्वस्त किटमधल्या जेटच्या नंबरावर भरवसा नको. आणि टाकीची कॉक खोलून जाळी धुतल्याशिवाय गाडी सुरू करू नका.