मला माहितीये ती बंद पडणार आहे!

दोन वर्षं झाली, मी एक गाडी घ्यायची म्हणतोय. अजून घेतली नाही. पण मनस्ताप मात्र घेतल्यासारखा पुरेपूर चालू आहे, कारण चाळीसगावात एखादी वस्तू घ्यायची असं तोंडातून निघालं की ती तुमची राहत नाही, सगळ्या गल्लीची होते.

गाडी आहे २०१४ची जॅग्वार एफ-टाइप. उघड्या टपाची. तीन लिटरचं व्ही-६ इंजिन, त्यावर हवा दाबून भरणारा सुपरचार्जर, ताकद ३८० पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच घोडे. शून्यावरून शंभरला ४.९ सेकंदांत. बटण दाबलं की बारा सेकंदांत टप मागे जातो, तोही चालत्या गाडीत. आणि आवाज! एक्झॉस्टचं बटण दाबून पाय सोडला की मागून असे फटाके फुटतात की अंगावर काटा येतो. पुण्यात एका सेकंडहँडवाल्याकडे उभी आहे, पंचेचाळीस लाख म्हणतो.

आता ऐका पुढचं.

डिसेंबरात मामांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी येत होत्या, आणि मी मूर्खासारखा मोबाइल काढून भाच्याला फोटो दाखवला. एकालाच दाखवला! पाच मिनिटांत तो मोबाइल पंधरा जणांच्या तेलकट हातांतून फिरून आला. मामांनी बोटाने फोटो मोठा केला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुले येड लागनं का भो? गाडी लेवानी व्हई त फॉर्च्युनर ले."

फॉर्च्युनर! या खानदेशात माणसाकडे चार पैसे आले की त्याला एकच गाडी माहीत, आणि तिचा रंगही एकच. पांढरा. लग्नाच्या मांडवाबाहेर अशा अकरा उभ्या असतात आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर चुकीच्या गाडीला चावी लावून बघत असतो. चांगली गाडी आहे, मी नाही म्हणतच नाही. पण मी तुम्हाला विचारलं होतं का?

एकाने सांगितलं, एवढ्यात दोन एकर बागायती येईल. दुसऱ्याने विचारलं, ॲव्हरेज काय देते. जॅग्वार कंपनी २००८पासून टाटांची आहे, हे बोलण्याच्या भरात मी सांगून बसलो. तर दाजी म्हणाले, "मंग टाटानीच लेवानी शे त नेक्सॉन काय वाईट शे?" हे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत. यांना उलट बोलता येत नाही. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि गप्प बसलो.

आणि सगळ्यांचं शेवटी तेच, एखाद्या मोठ्या शोधासारखं: "अरे, ती बंद पडते."

मला माहितीये!!

वीस वर्षं मोटारपंपाचं दुकान चालवतोय मी. ऐन रब्बीत, पाणी भरायच्या रात्री, लाइट आल्यावर नेमकी कोणाची मोटार जळते आणि का जळते हे मी तोंडपाठ सांगतो. बंद पडणं हाच माझा धंदा आहे. या गाडीचं काय काय बिघडतं ते मी तुमच्यापेक्षा शंभर पटींनी जास्त वाचलंय. या घराण्याच्या इंजिनांत थंडाव्याच्या पाण्याचे पाइप प्लास्टिकचे. तापून-निवून ते कडक होतात आणि सांध्याशी तडकतात. वेळेत कळलं नाही तर इंजिन तापतं, आणि ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की पुढचा आकडा मी बायकोसमोर बोलणार नाही. तेही कुठे? जिथे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. पलीकडे भुसावळला तर माणसंच वाफाळतात, गाडीचं काय घेऊन बसलात.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. २०१४च्या गाडीचे रबरी नळे, सील, वॉशर त्या हिशोबाने बनवलेत का, हा प्रश्न मी स्वतःला रोज रात्री झोपताना विचारतो, तुम्ही नका विचारू.

आणि स्पीडब्रेकर. नियमाने रस्त्यावरचा उंचवटा दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरेल. आमच्याकडे कोणाच्या तरी घरासमोर एकदा कोंबडी मेली की रातोरात मुरूम-डांबराची कबर उभी राहते. ना पट्टा, ना पाटी. कबरी मी मोजल्यात. एफ-टाइपसारखी पोट जमिनीला लावून चालणारी गाडी त्यातल्या निम्म्यांवर तरी मधोमध अडकून सी-सॉ खेळेल.

राहिला औट्रम घाट. कन्नडच्या या घाटाला अजून ज्याचं नाव चिकटलंय, तो जेम्स औट्रम १८२५मध्ये खानदेशात आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभी केली. इंग्रजाच्या नावाच्या घाटात इंग्रजी गाडी वाहनांच्या रांगेत, पहिल्या गिअरमध्ये, भर दुपारी. चित्र मी डोळ्यांसमोर आणलेलं आहे. टो करायला येणाऱ्या गाडीचा रंगसुद्धा मला दिसतो.

तरी हवी आहे! हे एक वाक्य कोणाला कळत नाही.

खरं तर मनात होती ती ही नव्हेच. मनात होती टीव्हीआर. इंग्लंडात समुद्रकाठी ब्लॅकपूल म्हणून गाव आहे, तिथल्या ट्रेव्हर विल्किन्सनने स्वतःच्या नावातली तीन अक्षरं काढून ही कंपनी काढली. पुढे १९८१मध्ये तिच्याच एका गिऱ्हाइकाने, पीटर व्हीलरने, ती विकत घेतली. एबीएस नको, एअरबॅग नको, पाय जपून ठेवायचं काम गाडीचं नाही, चालवणाऱ्याचं, असा तो गडी. त्यांची सर्बेरा फायबरच्या बॉडीची, वजन अकराशे-साडेअकराशे किलो, आणि ४.५ लिटरच्या व्ही-८ची ताकद ४२० घोडे. दाराला बाहेरून हँडल नाही, आरशाखाली बटण. बॅटरी उतरली तर काय, असं तुमच्या मनात आलं ना? मालकांच्याही यायचं. त्यांच्या सहा सिलिंडरच्या स्पीड सिक्स इंजिनाची वरची, व्हॉल्व्ह हलवणारी चाल लवकर झिजते म्हणून इंजिन खोलून नव्याने बांधून घेणं, हे तिथे सर्व्हिसिंगसारखं बोलतात. २००६मध्ये ब्लॅकपूलचा कारखानाच बंद पडला. गाड्या बंद पडायच्या, मग कंपनीही पडली. हसू नका.

ती मी आणली असती. दुसरा भाचा मँचेस्टरला आहे, जाहिराती पाठवून पाठवून त्याने माझा जीव खाल्लाय. पण आपला कायदा बघा. बाहेरची वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांच्या आतली हवी. आणि जुनी म्हणून मान हवा तर विंटेजला पन्नास वर्षं पूर्ण हवीत. १९९८ची सर्बेरा ना बाळ, ना आजोबा! मी २०४८पर्यंत थांबायचं. तेव्हा मी सत्तरीला टेकलेला असेन, आणि एवढ्या खाली बसलेल्या सीटमधून मला उठवायला दोन माणसं लागतील. बरं, विंटेजची 'व्हीए' नंबरप्लेट मिळाली तरी रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. धुळ्याला शेवभाजी खायला जाणं त्यात बसत नाही.

म्हणून जॅग्वार. तिचंही उत्पादन २०२४मध्ये थांबलं, म्हणजे आता आहेत तेवढ्याच.

आणि मामा, तुम्ही बोलूच नका. तुमच्या पडवीत ती विलायती वळणाची फटफटी उभी आहे ना, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली? तिच्याखाली तीस वर्षं तेलाचा पुठ्ठा आहे. दर दिवाळीला नवा पुठ्ठा. कोणी विचारलं तर छाती फुगवून सांगता, "तेल गळस म्हनजे आत तेल शे." ती किक मारून मारून तुमचा गुडघा गेला. ती शान आणि माझं येड?

आईने मात्र एकच विचारलं. फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "दोनच जन बसतस का? मंग मी कोठे बसू?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. डिकी १९६ लिटरची आहे, हे काही आईला सांगायचं उत्तर नव्हे.

तो पुण्याचा विक्रेता तर वेगळाच नमुना. म्हटलं माझा माणूस आणतो, स्कॅनर लावून बिघाडाचे कोड बघतो. "सर, गाडी एकदम क्लीन आहे." म्हटलं कूलंटचे पाइप बदललेत का? "सर, डॉक्टरांची गाडी आहे." म्हटलं सर्व्हिसचे कागद? "सर, एकदा आवाज ऐका." आवाज मी ऐकलाय बाबा, त्याचाच तर घोळ आहे! पार्ट दाखवायच्या वेळी आवाज ऐकवणारी माणसं मी ओळखतो. जुनी मोटार रंग मारून विकायला आणणारे माझ्याही दुकानात येतात, आणि तेही हेच म्हणतात, भाऊ एकदा चालू करून तर बघ.

काल रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. पंचेचाळीसची बेचाळीस केली आहे, खास तुमच्यासाठी. दोन वर्षं उभी असलेली गाडी एका रात्रीत तीन लाखांनी उतरते म्हणजे आत काय चाललंय हे मला कळतं. चांगलं कळतं. दुकान आहे माझं.

महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेटिंग चौदा दाखवतंय. स्कॅनर पिशवीत टाकलाय. मामांना कोणी काही बोलू नका.