धाक कोणाला बसवायचा? : उदगीरच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

दहशतवादाला राष्ट्राने कसे उत्तर द्यावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण सैन्यात नोकरी करून उदगीरला परतलेले आहात. या विषयावर संतापण्याचा आपला अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी मानतो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : कसाबला चार वर्षे बिर्याणी खाऊ घालणारे राष्ट्र शत्रूला दुबळे वाटते, कायद्याच्या गोष्टी गोळीसमोर कधी न गेलेल्या माणसालाच सुचतात, आणि अतिरेक्यांना आसरा देणाऱ्या वस्त्यांना एकदाचा धाक बसवल्याशिवाय हे प्रकार थांबणार नाहीत.

बळ वापरावे की नाही, याबद्दल आपल्यात वाद नाही. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातील होती. त्यानंतर ७ मे रोजी सीमेपलीकडच्या नऊ तळांवर भारताने जो हल्ला केला, तो मला योग्यच वाटतो. हातात बंदूक घेतलेल्या माणसाशी आणि त्याला बंदूक पुरवणाऱ्याशी चर्चा करत बसावे, असे मी कुठेही लिहिलेले नाही.

बिर्याणीची गोष्ट मात्र आपण सोडून द्यावी, अशी विनंती आहे. ‘ती मीच रचली होती’, असे त्या खटल्यातील विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. खरे महत्त्वाचे आहे ते हे, की तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या घेत कसाबच्या रायफलीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. त्या रात्री त्याला रस्त्यातच संपवले असते, तर हल्लेखोर कोठून आले, यावर पाकिस्तानने आजपर्यंत हात वर केले असते. तो जिवंत होता आणि पुरावे समोर होते, म्हणूनच कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, ही कबुली फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तान सरकारला द्यावी लागली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. यात आपल्याला दुबळेपणा दिसतो. मला वाटते, त्या दोघांना सोडणाऱ्या न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले, म्हणून त्या निकालाकडे जगात कोणाला बोट दाखवता आले नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये पकडलेल्या कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला चार वर्षांच्या आत तडीस गेला, हे आपल्याकडे विरळाच घडते.

आता वस्त्यांना धाक बसवण्याबद्दल. हे वाक्य दुसऱ्या कोणत्या प्रदेशातून आले असते, तर मी एवढे सविस्तर लिहिले नसते. पण ते मराठवाड्यातून आले आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांनी आपल्या गावांत काय केले, हे आपल्या आजोबांच्या पिढीने भोगले. त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्या ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, तो संपादक मुसलमान होता, हे आपण सहसा आठवत नाही. रझाकारांची दहशत बळाने मोडणे आवश्यकच होते, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याच्या कारवाईत, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’मध्ये, ती मोडली गेली. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते त्यासाठीच, आणि ते रास्तच आहे.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले, त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली होती. रझाकारांच्या अत्याचारांची दखल घेऊनही त्या समितीने लिहून ठेवले, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. उदगीर तालुका तेव्हा बिदर जिल्ह्यात होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्यावर रीतसर खटला चालला, सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात निघून गेला. म्होरक्याला वकील मिळाला, न्यायाधीश मिळाला. आणि ज्यांनी कदाचित रायफलीला हातही लावला नसेल, अशा विणकरांना, मजुरांना त्यांच्याच शिवारात कोणी काही विचारलेसुद्धा नाही. ‘त्या लोकांना’ धाक बसवायचा असे एकदा ठरले, की सूड हाताशी सापडेल त्याच्यावर उगवला जातो, आणि हाताशी सापडतो तो बहुधा गरीब आणि निर्दोष असतो. त्याच अहवालात, शेजारच्या मुसलमान कुटुंबांना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख आहे. आपल्या भागात अशी घरे आजही माहीत असतील. ती माणसे दुबळी होती, असे आपण म्हणणार नाही याची मला खात्री आहे.

आसरा देणाऱ्यांचे काय, हा आपला प्रश्न तरीही उरतो आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. मे २००६ मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात आरडीएक्स आणि एके-४७ रायफली पकडल्या गेल्या, तेव्हा बीड जिल्ह्यातील एक आरोपी देशाबाहेर निसटला. पुढे २६/११ च्या हल्लेखोरांना कराचीतून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा त्याच्यावर आरोप आहे. तो पाकिस्तानी पासपोर्टवर सौदी अरेबियात राहत होता. भारताने डीएनएसह ओळखीचे पुरावे दिले आणि २०१२ मध्ये त्याला इथे आणले. २०१६ मध्ये शस्त्रसाठा प्रकरणात त्याला जन्मठेप झाली. त्याच्या गावाला धाक दाखवून हे साधले नसते.

पहलगामचेही तसेच. हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काश्मीरमध्ये संशयितांच्या कुटुंबांची घरे स्फोटाने पाडण्यात आली; गोळ्या झाडणारे तिघे पाकिस्तानी होते, हे पुढे तपासात निष्पन्न झाले. त्यांना थारा देणाऱ्या दोन स्थानिकांना जूनमध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली आणि २८ जुलै रोजी श्रीनगरजवळ ते तिघे मारले गेले. त्यांच्याजवळच्या रायफली पहलगामच्याच, हे चंदीगडच्या प्रयोगशाळेत काडतुसे जुळवून पक्के करण्यात आले. घरे पाडून यातले काही हाती लागले, असे मला तरी दिसत नाही.

एका बाबतीत आपला संताप मला पूर्ण पटतो, आणि तो म्हणजे विलंब. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. तब्बल १९ वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष सोडले, कारण कबुलीजबाब आणि साक्षी विश्वासार्ह ठरल्या नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेले मुसलमान तरुण दहा वर्षांनी आरोपमुक्त झाले, आणि २००८ च्या स्फोटातील सातही हिंदू आरोपी २०२५ मध्ये सुटले. आपल्या नांदेडमध्ये एप्रिल २००६ मध्ये एका घरात स्फोट होऊन दोघे मेले. त्या खटल्यातील आरोपीही जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष ठरले. या सगळ्यांत मेलेल्यांच्या घरच्यांना ‘हे कोणी केले’ याचे उत्तर मिळालेले नाही. आपण म्हणता, त्यावर उपाय म्हणून पुराव्याची अट सैल करावी. टाडा आणि पोटा या दहशतवादविरोधी दोन्ही कायद्यांनी पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरून तेच केले होते, आणि लोकल स्फोटांच्या खटल्यात लागलेल्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातही तीच सवलत आहे. मारहाणीतून कबुली सहज मिळते, अशी सवय एकदा लागली की काडतूस जुळवण्याचे कष्ट कोण घेणार? आपल्यासारख्या माजी सैनिकांच्या शब्दाला मराठवाड्यात मान आहे. आपण आपल्या खासदार-आमदारांना तपास अधिकाऱ्यांची संख्या, न्यायवैद्यक प्रयोगशाळांमधील रिक्त पदे, साक्षीदारांचे संरक्षण आणि रोज चालणारी विशेष न्यायालये यांचा जाब विचारणार असाल, तर त्या निवेदनावर मीही सही करीन.

आपला नम्र