वनराजासाठी उंच दांडी नको

गिरिराज आणि वनराजा या परसात पाळण्यासाठीच्या वजनदार संकरित कोंबड्या गावठी कोंबड्यांप्रमाणेच सांभाळाव्यात, असे परसातील कोंबडीपालनावरच्या तुमच्या लेखात म्हटले आहे. परसात चरून पोट भरण्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी खुराड्याच्या बाबतीत हा सल्ला पक्ष्यांना इजा करणारा आहे. गावठी कोंबडी हलकी असल्याने आंब्याच्या फांदीवरूनही अलगद उतरते. पण या जातींचा तीन किलोचा कोंबडा रात्री बसायच्या उंच दांडीवरून रोज सकाळी जमिनीवर आदळला, की त्याच्या तळपायाला जखम होते, तीत जंतुसंसर्ग होऊन गळू धरते आणि पक्षी लंगडू लागतो. आमच्याकडे दांडी गुडघ्याच्या खाली, चार बोटे रुंद आणि कडा घासलेली आहे, खाली भाताच्या तुसाचा जाड थर असतो, आणि तो कोरडा ठेवणे पावसाळ्यात सर्वांत कष्टाचे काम असते. हे पक्षी झाडावर चढून जीव वाचवू शकत नाहीत, त्यामुळे मुंगसापासून संरक्षणासाठी खुराड्याची जाळीही बारीक हवी.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट लेखात राहिली आहे. या संकरित माद्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणून पिल्ले विकतच आणावी लागतात आणि पहिले काही आठवडे त्यांना दिव्याची ऊब व मानमोडी (राणीखेत) रोगाची लस द्यावीच लागते. घरच्या अंड्यांतून पिल्ले काढायला गावठी कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसवता येते, परंतु त्या पिल्लांत आईबापांचे वजन आणि अंड्यांचे प्रमाण टिकत नाही, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवे होते.