स्वच्छतेनेच रोग गेले म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की रोगराई लसींमुळे नाही, नळाचं पाणी, संडास आणि चांगलं खाणंपिणं आलं म्हणून कमी झाली. खाली अंगठ्यांची रांग. सगळे शिकलेसवरलेले, म्हणून जास्त चिडचिड होते.

यात अर्धं खरं आहे आणि तेच घातक आहे. कॉलरा, टायफॉइड पाण्यामुळेच आटोक्यात आले, मान्य. गोवराचे मृत्यूसुद्धा अमेरिकेत लस यायच्या आधीच बरेच खाली आले होते. पण मरणारे कमी होणं वेगळं आणि आजारी पडणारे कमी होणं वेगळं ना! 1963 ला लस आली तोवर तिथे जवळपास प्रत्येक पोराला गोवर होतच होता, वर्षाला तीस-चाळीस लाख पोरं. हवेतून पसरणाऱ्या व्हायरसला तुमच्या फिनेलचं काय पडलंय? लस आल्यावर मात्र केसेस धडाधड खाली, आणि 2000 मध्ये त्यांनी गोवर हटल्याचं जाहीर केलं.

पोलिओचं तर अजून उलटं. घाण पाण्यातून तान्हेपणीच लागण व्हायची, तेव्हा आईकडून आलेल्या अँटीबॉडीज अंगात असायच्या, बहुतेक पोरं निभावून जायची. युरोप-अमेरिकेत स्वच्छता वाढली तशी लागण उशिरा व्हायला लागली आणि पांगळेपणाच्या साथी आल्या. म्हणजे स्वच्छतेने पोलिओ वाढला, घ्या आता!

आणि आपल्याकडे? 2009 ला देशात मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूच्या 741 केसेस, 2010 ला 42, 2011 ला एकच, हावड्याची, त्यानंतर शून्य. आता त्याच 2011 ची जनगणना काढा, देशातल्या निम्म्याहून जास्त घरांत संडास नव्हता. मग दोन वर्षांत बदललं काय? 2010 मध्ये बायव्हॅलेंट डोस, म्हणजे पोलिओच्या दोन प्रकारांवर एकत्र चालणारा डोस आला, आणि पोलिओ बूथचा दिवस झाल्यावरही डोस पाजणाऱ्या बायका घरोघर फिरत राहिल्या, पोराची करंगळी शाईने रंगलीय का बघायच्या, दारावर खडूने खूण करायच्या, एखादं पोर राहिलं असेल तर फुली मारून परत यायच्या. आपण दार अर्धवट उघडून 'झालाय डोस' म्हणून त्यांना कटवायचो ते वेगळंच.

आता सगळ्या लसी सारख्या नसतात हेही खरं. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, लहान पोरांना मेंदूच्या टीबीपासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीपुढे तिचं फारसं चालत नाही, म्हणूनच इतकी वर्षं टोचूनही टीबी हटलेला नाही. हे उघड सांगावं, लपवलं की फॉरवर्डवाल्यांचं फावतं.

पण गोवराच्या बाबतीत खेळ नको. त्याची साथ रोखायला 95 टक्के पोरांचे दोन्ही डोस झालेले लागतात, कोविडच्या गडबडीत बऱ्याच पोरांचे राहिले आणि 2022 ला मुंबईत गोवंडीकडे साथ आली, पोरं दगावली. आणि हे फक्त वस्तीतलं नाही बरं का, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर बहुतेक जण घेतात, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांतला, तो फ्लॅटवाल्यांचाही राहतो कारण तोवर पोरगं पळायला लागलेलं असतं आणि लसीकरणाचं कार्ड कुठल्यातरी कपाटात. काढून बघा एकदा. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, पुणे महापालिकेच्या दवाखान्यात फुकट.