पहिलं घड्याळ जीपीएसचंच हवं, हा आग्रह सोडा

नाशिकच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: धावायला सुरुवात करायची तर आधी जीपीएस स्पोर्ट्‌स वॉच घ्या, अंतर, वेग, हार्ट रेट, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) सगळं त्यात अचूक कळतं, नुसत्या स्टॉपवॉचवर सराव करणं म्हणजे अंधारात चाचपडणं, आणि ५० मीटर वॉटरप्रूफ असलं की पोहायलाही तेच. हौसेने कुणी महाग घड्याळ घेतलं तर माझी हरकत नाही. पण हाच मेसेज जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याहून येऊन, शहरात खोली करून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींपर्यंतही पोचतो. त्यांच्या मेसचे पैसे घड्याळाच्या हप्त्यात जाऊ नयेत, म्हणून हे उत्तर.

आधी अंतर. घड्याळ ठरावीक काळाने उपग्रहांवरून तुमची जागा ठरवतं आणि ते बिंदू जोडून अंतर काढतं. मोकळ्या आकाशाखालीही एकेक बिंदू काही मीटर इकडेतिकडे पडू शकतो. सरळ रस्त्यावर लांब धावताना याने फारसं बिघडत नाही. गोल्फ क्लब मैदानाभोवती किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारताना मात्र वळणं कापली जातात, झाडीखाली रेघ भरकटते, आणि त्या क्षणाचा वेग दाखवणारा आकडा उड्या मारतो. स्वस्त फिटनेस बँड घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असलं तरी अनेक बँडांत ते फोनचंच वापरलेलं असतं. फोन खोलीवर राहिला की बँड पावलं मोजून अंतराचा अंदाज करतो.

४०० मीटरच्या ट्रॅकवर तर अंतर आधीच मोजलेलं असतं. उरते वेळ, आणि ती साधं क्वार्ट्‌झ घड्याळ उत्तम मोजतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. महिन्याला ३० सेकंदांची चूक धरली, तरी पाच मिनिटांच्या धावेत ती सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. बटण दाबताना तुमचं बोट याहून जास्त उशीर करतं.

हार्ट रेटचं म्हणाल तर मनगटावरचा सेन्सर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या लाटांनुसार परत येणारा प्रकाश मोजतो. हात हलला, पट्टा सैल असला की हिशेब बिघडतो. कधी कधी तो ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. धावताना पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोरात धावताना ठोकेही त्याच घरात असतात, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. शिवाय आपली थंडी. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत पहाटे हातांकडचा रक्तपुरवठा कमी होतो आणि सेन्सर गोंधळतो. ठोके खरंच हवे असतील तर छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. छोट्या, जोरदार धावांमध्ये मनगट आणि छाती यांच्या आकड्यांतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

घड्याळातला व्हीओटू मॅक्स म्हणजे याच वेग आणि ठोक्यांवरून बांधलेला अंदाज. मूळ आकडा चुकला की तोही चुकला. झोनचंही, म्हणजे कमाल ठोक्यांवरून पाडलेल्या सोप्या-जोरदार सरावाच्या टप्प्यांचंही, तसंच: २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, खऱ्या माणसाचे कमाल ठोके त्याहून दहा-बारा वर किंवा खाली असणं अगदी सामान्य. सोप्या धावेची खूण साधी आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.

आता ‘अंधारात चाचपडणं’. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, म्हणजे ट्रॅकच्या चार फेऱ्या. ५ मिनिटं २० सेकंदांचं लक्ष्य असेल तर फेरीला ८० सेकंद. पोरगं पहिली फेरी ७० मध्ये मारतं, चौथीला ९२ लागतात आणि त्याला वाटतं दम कमी पडला. दम नव्हे, वाटणी चुकली. हे दिसायला उपग्रह लागत नाही, लॅप मेमरी, म्हणजे प्रत्येक फेरीची वेळ साठवायची सोय लागते. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य जिंकलं. ती शर्यत २५ फेऱ्यांची. तेवढ्या फेऱ्या एका लयीत मारण्याची सवय फेरीफेरीची वेळ पाहूनच अंगात मुरते.

मात्र स्टॉपवॉच असलेलं कुठलंही घड्याळ चालेल असंही नाही. १९८९ पासून विकलं जाणारं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण त्याचं स्टॉपवॉच तासाभराने पुन्हा शून्यावर येतं आणि फेऱ्यांच्या वेळा ते साठवत नाही. फेऱ्या पाहायच्या तर लॅप मेमरी असलेलंच मॉडेल मागा.

५० मीटरचा अर्थ तितक्या खोलीवर पोहता येतं असा नाही. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे. पोहायला असं घड्याळ चालतं, पण पाण्यात असताना सहसा त्याची बटणं दाबू नयेत. ३० मीटरवालं फक्त घाम आणि शिंतोड्यांपुरतं समजावं.

हाफ मॅरेथॉनसाठी त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाकडे तास-दोन तास धावणाऱ्याला जीपीएसचा खरा उपयोग आहे. त्यानेही टचस्क्रीनवर विसंबू नये, बटणंवालं घ्यावं. श्रावणातल्या सरींत ओल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही.

मेन रोडवर घड्याळ घ्यायला गेलात तर दुकानातच स्टॉपवॉच सुरू करा. हात हलवत, न बघता चार वेळा लॅप दाबा, थांबवा आणि चारही वेळा परत दिसतात का पाहा. फेरीची वेळ आणि सुरुवातीपासूनची एकूण वेळ वेगवेगळी दिसली पाहिजे. दोन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू असा सराव करायचा असेल तर आपोआप पुन्हा सुरू होणारे दोन टायमर आहेत का विचारा. बीप रस्त्याच्या आवाजात ऐकू येईल का, हेही दुकानाबाहेर येऊन तपासा.